छिन मावशीचा निळा ठिपका

दोन विहिरींच्या गल्लीत कोंबड्या पाळायला बंदी झाली, तेव्हा आता सकाळी आपल्याला उठवणार कोण, असा प्रश्न लोकांना पडला होता. तो फार दिवस टिकला नाही. गल्लीत छिन मावशी होती.

छिन मिंगच्याओ हे तिचं पूर्ण नाव. ते दोनच ठिकाणी लिहिलेलं होतं, तिच्या ओळखपत्रावर आणि कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत. ओळखपत्रावर एकदा, चौकीत पुष्कळदा. भाजीवाल्याच्या काट्याशी, संध्याकाळी चौकात भोंगा लावून नाचणाऱ्या बायांशी, वरच्या मजल्यावरून गळणाऱ्या कपड्यांशी असं तिचं रोज कुणाशी ना कुणाशी वाजत असे. पण हे सगळं व्यायामाचं भांडण. अंगाला बरं असतं म्हणून करायचं. खरं वैर तिचं एकीशीच होतं, आणि ते तिनं बरणीत घालून चांगलं मुरवलेलं होतं.

ती एक म्हणजे नोंग त्साइयुन, तिची धाकटी जाऊ.

दोघींची सासू, मेंग आजी, आंबवलेली फळं विकायची. कैरी, पेरू, कच्ची पपई, मुळा, सगळं जुन्या खारात बुडवायचं आणि वर तिखटमीठ भुरभुरून द्यायचं. दक्षिण चीनमधल्या नान्निंगच्या उन्हात माणसाला जिवंत ठेवणाऱ्या ज्या दोनतीन गोष्टी आहेत, त्यांतली ही एक. सगळी जादू त्या खारात. दुधाला विरजण असतं, तसा फळांना जुना खार. तो टिकवायचा, पुरवायचा, जपायचा. सासू गेली, तिच्यामागे बरणी एक आणि सुना दोन. खार अर्धा अर्धा झाला. तेव्हापासून थोरली म्हणे, "तळाचा दाट खार माझ्याकडे आला, धाकटीला वरचं पाणी मिळालं." आणि धाकटी म्हणे, "वरचा जिवंत खार मला मिळाला, थोरलीला खालचा गाळ." नदीकाठच्या बाजारात दोघींच्या हातगाड्या समोरासमोर, आणि दोन्ही गाड्यांवर एकच पाटी: 'मेंग आजींची जुनी बरणी.' गिऱ्हाईक गोंधळून मध्ये उभं राहिलं, की दोन्हीकडून अशी काही वचनं कानावर येत, की ते तिसरीकडे जाऊन उसाचा रस पिई.

मावशीच्या आयुष्यात बरणीखालोखाल किंमत होती ती तिच्या बॅटरीच्या दुचाकी गाडीला. या शहरात माणसांपेक्षा बॅटरीच्या गाड्या जास्त, आणि गाड्यांपेक्षा त्यांच्यावर डोळा ठेवणारे जास्त. तिची पहिली गाडी कुलपासकट गेली. दुसरी जागेवर राहिली, पण आतली बॅटरी गेली; पिसं ठेवून कोंबडी न्यावी तशी. तिसरी गाडी घेतली तेव्हा मावशी ती सरळ गाड्या दुरुस्त करणाऱ्या लू टकल्याच्या दुकानात घेऊन गेली आणि म्हणाली, "हिच्या पोटात ते शोधणारं यंत्र बसव. आणि स्वस्तातलं बसव, चोरासाठी मी जास्त खर्च करणार नाही."

लूनं सीटखाली काडेपेटीएवढा ट्रॅकर बसवला आणि तिच्या फोनवर नकाशा उघडून दिला. नकाशावर एक निळा ठिपका होता. तो नदीच्या मधोमध उभा होता.

"माझी गाडी बुडाली का रे?" मावशीनं विचारलं.

"नवीन आहे मावशी. अजून बसतोय तो," लू म्हणाला. दुकानदार बुटांविषयीही हेच सांगतात, म्हणून मावशीला ते पटलं.

यंत्राला आवाज होता. गाडीला धक्का लागला, की फोनमधून एक बाई साखरेच्या पाकात बुडवून बोले, "मालक, आपली गाडी हलली आहे." मांजर बसलं, गाडी हलली. शेजारच्यानं चटई झटकली, गाडी हलली. मावशी खिडकीतून खाली बघायची. गाडी जागेवर. मग ती फोनला म्हणायची, "हलली तर हलली! तुझ्या बापाची आहे का, भवाने?" पण समोरून उलटं उत्तर नाही म्हटल्यावर भांडणात काय राम? आठवडाभरात तिनं त्या बाईचा आवाज बंद केला. ठिपका मात्र राहू दिला. तोही रोज बघायची गरज नव्हती. गाडी घरी असली की खिडकीखाली दिसायची, बाजारात असली की मावशीच्याच बुडाखाली असायची. ठिपका बघायचा तो फक्त गुरुवारी. गुरुवारी गाडी दफूकडे असे.

मेंग दफू म्हणजे मावशीचा नवरा. त्याचा सगळा जन्म साखर कारखान्यात गेला, त्यामुळे घरातला गोडवा एकट्या त्याच्याकडे जमा झालेला. तो इतका हळू बोले, की त्याचं वाक्य संपेपर्यंत मावशीची दोन होऊन जात. निवृत्त झाल्यापासून गुरुवारी तो गळ घेऊन मासे धरायला जाई. मावशीनं त्याला बजावून ठेवलं होतं, "कुठेही जा. पण त्या धाकटीच्या दारात पाऊल पडलं, तर परत यायला माझं दार शोधू नका." धाकटीचा नवरा दशौ हा दफूचा सख्खा भाऊ. पण ज्या घरात धाकटी, ते घर मावशीच्या नकाशावर नव्हतं.

गुरुवारी दुपारी ती फोन उघडायची. ठिपका तळ्याच्या काठावर शांत बसलेला असे. तीही शांत व्हायची. संध्याकाळी दफू रिकामी पिशवी घेऊन यायचा.

"एकही नाही?"

"मासे हुशार झालेत हल्ली," दफू म्हणायचा.

चांद्र वर्षाच्या तिसऱ्या महिन्याच्या तीनला मोठा सण. नदीकाठी गाण्यांची जत्रा भरते, रंगीत भात शिजतो, आणि पोरीबाळी आंबट खाऊन खाऊन दात आंबवून घरी जातात. वर्षाची निम्मी विक्री त्या दिवसांत. जत्रेत हातगाडी कुणाची कुठे, हे आदल्या दिवशी ठरतं. जो आधी बरणी मांडेल त्याची जागा. म्हणून आदल्या सकाळी मावशीनं जुन्या खाराची बरणी खाली आणली, जिन्याच्या तोंडाशी लावलेल्या गाडीच्या पायफळीवर ठेवली आणि दोरीनं करकचून बांधली. या बरण्यांच्या तोंडाभोवती पन्हळ असते. त्यात पाणी भरून वर झाकण घातलं, की हवा आत जात नाही. पन्हळ कोरडी पडली की वारा शिरला, वारा शिरला की खारावर पांढरी बुरशी, आणि मग सासूबाईंचा जुना खार मोरीत.

पेरूंची टोपली आणायला ती वर गेली. तिथे गॅसवाला सिलिंडर घेऊन आला होता, आणि सिलिंडर तिला हलका वाटला. पुढचा वेळ व्यायामात गेला. दफू मध्ये येऊन काहीतरी म्हणाला. मावशी म्हणाली, "तुम्ही गप्प बसा हो, दोन माणसं बोलतायत ना?" दफू खाली निघून गेला.

गॅसवाल्याला पार हलका करून मावशी पेरू घेऊन खाली आली. जिन्याच्या तोंडाशी गाडी नव्हती. बरणी नव्हती. दोरीचा एक तुकडा तेवढा पडला होता.

ती ओरडली नाही. गल्लीला तेच जास्त भीतिदायक वाटलं. तिनं फोन काढला, चष्मा लावला, नकाशा उघडला. निळा ठिपका एका घराच्या डोक्यावर ठाण मांडून बसला होता. दोन गल्ल्या पलीकडे, शिंप्याच्या बोळाच्या टोकाला, धाकटीच्या घराच्या डोक्यावर.

गाडी गेल्याचं दुःख व्हायचं होतं, पण त्याच्या आधीच आनंद झाला. इतक्या वर्षांची तपश्चर्या फळाला आली होती. "गाडी नको होती मेलीला," ती म्हणाली, "तळाचा खार हवा होता!"

मग मिरवणूक निघाली. पुढे मावशी, मशाल धरावी तसा फोन वर धरून. मागे निम्मी गल्ली. चौकीवरून जाताना तिनं हवालदार वेईला नूडल्सच्या वाडग्यावरून उठवलं. "उठ रे. तुझ्या नोकरीत पहिल्यांदा चोर सापडतोय, तोही मी शोधून दिलाय." सगळ्यात मागे दफू. त्यानं वाटेत दोनदा तिला गाठलं. "अगं, मी काय म्हणतो..."

"तुमचा भाऊ चोराच्या घरात नांदतो, तुम्ही काय म्हणणार?"

धाकटी दारातच मुळे सोलत बसली होती. मिरवणूक बघून तिनं सुरी खाली ठेवली नाही.

"या थोरल्या जाऊबाई," त्साइयुन म्हणाली. "आज वरात घेऊन? कुणाशी लावताय?"

"गाडी काढ."

"कसली?"

"चोराच्या उलट्या बोंबा! माझी गाडी, माझी बरणी. हे बघ, ठिपका तुझ्या घरावर आहे. यंत्र खोटं बोलत नाही, तुझ्यासारखं."

"अगं बाई! मला वाटलं तुझ्या फोनला देवी आल्या," त्साइयुन म्हणाली. "तुझ्या बरणीतला गाळ चोरून मी करू काय? गटारं तुंबवायला महापालिका आहे."

वेई म्हणाला, "दोघी जरा शांतपणे..." दोघी एकदम त्याच्याकडे वळल्या. तो नूडल्सकडे परत जायचा विचार करू लागला.

"शोध," त्साइयुन उठून म्हणाली. "पलंगाखाली शोध, संडासात शोध, माझ्या सुरकुत्यांत शोध. पण आधी बोली. सापडली, तर मी पाटी उतरवते. मेंग आजींचं नाव यापुढे तुझं एकटीचं. नाही सापडली, तर?"

"तर काय?"

"तर जुन्या रीतीनं. माझ्या दाराला लाल कापड बांधायचं आणि फटाक्यांची माळ लावायची. सगळ्या बोळासमोर."

गर्दी दोन पावलं पुढे सरकली. खोटा आळ घेतला, तर त्या दारी जाऊन लाल बांधायचं आणि माळ उडवायची, ही खेड्यातली जुनी शिक्षा. तसं केलेला माणूस पुढे जन्मभर फटाका वाजला की दचकतो. मावशीनं फोनकडे बघितलं. ठिपका हललेला नव्हता.

"कबूल," ती म्हणाली.

मावशीनं ते घर असं धुंडाळलं, की पुढच्या नववर्षाच्या साफसफाईची गरज उरली नाही. पलंगाखाली जुनी ट्रंक, माळ्यावर तांदळाची कोठी, परसात कोबी. धाकटा दीर खुर्चीत बसल्या बसल्या एक पाय वर घेऊन तिला केर काढायला जागा करून देत होता. गाडी नव्हती. तेवढ्यात त्साइयुनचं लक्ष दाराशी गेलं.

"भावजी मघापासून काहीतरी म्हणतायत," ती म्हणाली. "त्यांना बोलू द्या की. नाहीतर एक दिवस पन्हळ कोरडी पडेल त्यांची."

सगळे दफूकडे बघू लागले. इतकी माणसं आपल्याकडे बघतायत, याची त्याला सवय नव्हती.

"गाडी आपल्या मागच्या शेडमध्ये आहे," तो म्हणाला. "आगीच्या तपासणीवाले येणार होते. जिन्यात गाडी दिसली की ओढून नेतात. म्हणून मी आत ठेवली. दोरी तुटली, ती नवीन बांधली. तुला सांगितलं मी... तू गॅसवाल्याशी बोलत होतीस."

मिरवणूक उलट फिरली. आता पुढे त्साइयुन होती.

शेडचं कुलूप दफूनं काढलं. आत गाडी. गाडीवर बरणी. पन्हळीत काठोकाठ ताजं पाणीसुद्धा होतं. तेही त्यानंच घातलेलं. मावशीनं आधी झाकणावर हात ठेवला, मग गाडीवर, आणि मग फोन उघडला. निळा ठिपका अजूनही धाकटीच्या घराच्या डोक्यावरच होता.

"हे यंत्रसुद्धा तिला फितूर!" ती म्हणाली.

वेईनं फोन हातात घेतला आणि नको तेवढा हसला. "मावशी, स्वस्तातलं घेतलंत ना? आपल्याकडचे नकाशे मुद्दाम थोडे सरकवून छापतात, सरकारचा नियम आहे. चांगल्या यंत्राला ते ठाऊक असतं, ते स्वतःही तेवढंच सरकतं. तुमचं बिचारं भोळं आहे. खरी जागा सांगतं, आणि ती सरकलेल्या नकाशावर भलतीकडे पडते. तुमच्या वस्तीत दोनतीन गल्ल्यांचा फरक. या महिन्यात अशाच ठिपक्यापायी एका न्हाव्यावर धाड पडली."

"म्हणजे ठिपका माझ्या घरी, तेव्हा गाडी हिच्या घरी," त्साइयुन म्हणाली. तिनं नकाशावर बोट ठेवलं. मावशीच्या घरापासून बोट आपल्या घरापर्यंत आणलं. मग तितकंच, त्याच दिशेनं, पुढे सरकवलं. "आणि गाडी माझ्या घरी असली, तर ठिपका..."

बोट तळ्याच्या काठावर येऊन थांबलं.

हे बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. बारा बायकांत एखादीच त्साइयुनइतकी हुशार असते, आणि तीही एखाद्याच वेळी नको तिथे हुशारी करते.

छिन मावशी नवऱ्याकडे वळली. फार हळू वळली.

"मासे हुशार झालेत," ती म्हणाली. "नाही का हो?"

दफू म्हणाला, "दशौचं एक अंग लुळं पडल्यापासून तो बाहेर पडत नाही. मी जातो, दोन डाव बुद्धिबळ मांडतो. तेवढंच."

"तेवढंच?" त्साइयुन एकाएकी म्हणाली. ती बरणीवर वाकली होती आणि झाकणाच्या कडेला नाक लावून हुंगत होती. "हा वास माझ्या खाराचा आहे. यात आलं आहे. सासूबाई खारात आलं घालत नव्हत्या, मी घालते."

"काही बरळू नकोस!" मावशी म्हणाली. "माझ्या खारात आलं?" आणि तिनं पण नाक खाली नेलं. आल्याचा वास खरंच होता. गेली दोन वर्षं गिऱ्हाइकं म्हणत होती, मावशी तुमच्या पेरूला हल्ली झणका आलाय. तिला वाटायचं, वयाबरोबर आपला हात सुधारला.

दोघींनी दफूकडे बघितलं. बिचारा मागे सरकला, तर मागे भिंत होती.

"तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना," तो म्हणाला, "तेव्हा पन्हळीत पाणी घालायचं माझ्याकडून राहिलं. बुरशी आली. तू घरी येऊन ते बघितलं असतंस तर... मी धाकटीकडून एक किटली खार आणला. न विचारता." मग धाकटीकडे बघून, "आणि मागच्या उन्हाळ्यात तुम्ही माहेरी होता, तेव्हा दशौच्या हातून तुमची बरणी आपटली. मी इकडून खार नेला. न विचारता."

"म्हणजे माझ्या बरणीत हिचा गाळ?" त्साइयुन किंचाळली.

"आणि माझ्या बरणीत हिचं पाणी?" मावशी किंचाळली.

लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच दोघी जावा एका बाजूला उभ्या होत्या. समोर दफू होता. जो भडिमार त्या इतकी वर्षं एकमेकींवर करत आल्या, तो आता एका दिशेनं सुरू झाला. एकीचा दम संपला की दुसरी उचलून धरी. गर्दीतल्या जाणत्या लोकांचं मत पडलं की असं काम वर्षानुवर्षं रियाज केल्याशिवाय जमत नाही. दफू खाली मान घालून ऐकत होता. शेवटी त्यानं फक्त एवढंच विचारलं, "पण आंबट झालेत ना पेरू?"

पेरू चांगलेच आंबट झाले होते, हीच तर अडचण होती.

"ते राहू दे," त्साइयुन म्हणाली. ती आपली बोली सोडणाऱ्यातली नव्हती. "लाल कापड आणि माळ. आजच."

"चूक माझ्या नवऱ्याची, तरी?"

"जीभ तुझी होती."

तेवढ्यात वेई मध्ये पडला. "शहरात फटाक्यांना बंदी आहे. कुणी वाजवला तर मला दंड करावा लागेल." हे ऐकून मावशीचा चेहरा खुलला, आणि त्साइयुन म्हणाली, "बघा, पळवाट! तळाचा गाळ कायम तळाशीच बसतो." हे वाक्य ती बोलली नसती, तर कदाचित प्रकरण तिथेच मिटलं असतं.

दुपारी छिन मावशी गाडीवर बसून शिंप्याच्या बोळात आली. गल्ली आधीच येऊन बसली होती, काहींनी घरून स्टुलं आणली होती. मावशीनं खाली उतरून लाल कापड काढलं आणि धाकटीच्या दाराच्या कडीला बांधलं. गाठ अशी मारली, की सोडवायला कात्री लागावी. मग तिनं गाडी दाराला तोंड करून लावली, फोन काढला, त्या गोड बाईचा आवाज शेवटपर्यंत वाढवला, फोन हँडलला टांगला आणि गाडीच्या चाकाला सणसणीत लाथ घातली.

गाडी बोंबलायला लागली. दिवे लुकलुकले, भोंगा कोकलला, आणि त्यावर ती बाई पाकात बुडून सांगू लागली, "मालक, आपली गाडी हलली आहे! मालक, आपली गाडी हलली आहे!" मावशीनं दुसरी लाथ घातली. शेजारच्या भिंतीशी उभ्या असलेल्या गाड्याही दचकून ओरडायला लागल्या. एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी, असा सगळा बोळ तडतडत पार टोकापर्यंत पेटत गेला. दिवाणखान्यात धाकटा दीर एका हातानं मांडी थोपटून हसत होता.

त्साइयुन कमरेवर हात ठेवून उभी होती. शेवटची गाडी गप्प झाल्यावर म्हणाली, "माळ आखूड होती."

"तुझ्या मानानं लांबच होती."

"उद्या जत्रेत कुठे मांडणार आहेस?"

"तुझ्यासमोर."

"मांड. लोकांना फरक कळू दे."

"कळेल," मावशी म्हणाली, "ज्याला जीभ आहे त्याला."

जत्रेत दोघी समोरासमोर बसल्या आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडल्या. फरक उरलेला नाही हे आता दोघींना ठाऊक होतं, म्हणून तो आवाजात तरी ठेवणं भाग होतं.

सण उरकल्यावर लू टकल्या स्वतः होऊन घरी आला. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. म्हणाला, "मावशी, फुकट बदलून देतो. नवीन यंत्र अगदी बरोबर जागा दाखवतं."

"हात लावशील तर तोडीन," मावशी म्हणाली. "चोरीला गेली की मग बघू."

पुढच्या गुरुवारी बाजारात कुणीतरी विचारलं, दफूकाका दिसत नाहीत? मावशीनं तिखटाचा हात पुसला, फोन उघडला आणि समोरच्या गाडीवरच्या बाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "तळ्यावर आहेत. मासे धरतायत. हा काय ठिपका." मग तिनं नवऱ्याला फोन लावला.

"येताना काही आणू नका," ती म्हणाली. "आणि पिशवी हलवत या, लोकांना रिकामी दिसली पाहिजे. कळलं का? ... काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला की हो!"